फक्त स्त्री-कलाकारांसाठी वेगळी गॅलरी: आजही हवी का?

चित्रलिपी

स्त्री-कलाकारांसाठीच चालवलेल्या गॅलरीचा विषय निघाला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक, चित्र चांगलं असलं की झालं, काढणारा पुरुष की बाई याच्याशी काय देणंघेणं? दुसरी, एके काळी गरज असेलही, पण आता सगळीकडे बायकांची प्रदर्शनं होतात की. विचारणारे बहुतेक वेळा मनापासून विचारतात, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. भिंत मिळवून देणं हे अशा गॅलरीचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे नोंदी ठेवणं, तीच चित्रकर्ती पुन्हा पुन्हा दाखवणं आणि ती गेल्यावरही तिचं काम शोधणाऱ्याला सापडेल अशी सोय करणं. हे दुसरं अर्धं काम ज्यांनी नेटाने केलं, त्यांनी खरोखर चित्र पालटलं.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात ९७ वूस्टर स्ट्रीटला सप्टेंबर १९७२ मध्ये ए.आय.आर. ('आर्टिस्ट्स इन रेसिडेन्स') गॅलरी उघडली. स्त्री-कलाकारांनी स्वतः, सहकारी पद्धतीने चालवलेली अमेरिकेतली ही पहिली गॅलरी. सुरुवातीच्या सभासद २०. आधी सहा जणी जमल्या होत्या: सुझन विल्यम्स, बार्बरा झकर, डॉटी ॲटी, मॉड बोल्ट्झ, मेरी ग्रिगोरिआडिस आणि नॅन्सी स्पेरो. बाकीच्या कशा सापडल्या ते बघण्यासारखं आहे. समीक्षक लूसी लिपार्ड यांनी स्त्री-कलाकारांच्या कामाच्या स्लाइड्सचा एक संग्रह जमवला होता. या सहा जणींनी तो चाळला, ज्यांचं काम भावलं त्यांच्या स्टुडिओत जाऊन ते प्रत्यक्ष पाहिलं आणि मग निमंत्रणं दिली. म्हणजे गॅलरीच्याही आधी नोंद होती. ती नसती तर सहाच्या वीस झाल्या नसत्या. जागेची डागडुजीही सभासदांनीच केली.

या गॅलरीने काय दिलं? नॅन्सी स्पेरोचं 'टॉर्चर ऑफ विमेन' घ्या. १९७६ चं काम. कागदाच्या १४ पट्ट्या, सलग लावल्या तर लांबी सुमारे ३८ मीटर. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालांतले छळाचे जबाब हाताने छापलेल्या अक्षरांत, मधे मधे पुराणकथांतल्या आकृत्या आणि भोवती पुष्कळ कोरा कागद. ना फ्रेम, ना दिवाणखान्यात टांगण्याजोगा आकार, ना विषय कुणाला भेट देण्यासारखा. विक्रीवर भाडं भरणारा गॅलरीवाला अशा कामाला महिनाभर भिंत देणं कठीणच. ए.आय.आर.ने दिली. आज स्पेरोला वगळून त्या काळच्या राजकीय कलेबद्दल बोलता येत नाही.

आता आपल्याकडचा धागा. १९७९ मध्ये चित्रकार नलिनी मलानी न्यूयॉर्कला गेल्या असताना ए.आय.आर.मध्ये त्यांची स्पेरो, मे स्टीव्हन्स आणि ॲना मेंडिएटा यांच्याशी भेट झाली. भारतात फक्त स्त्रियांचं प्रदर्शन करायचं हे तिथून मनात आलं. ते प्रत्यक्षात यायला बराच काळ गेला. १९८७ ते १९८९ या काळात 'थ्रू द लुकिंग ग्लास' या नावाने मलानी, अर्पिता सिंग, माधवी पारेख आणि नीलिमा शेख या चौघींनी आपली कामं एकत्र मांडली. सुरुवात भोपाळच्या भारत भवनात झाली, मग ते इतर ठिकाणी फिरलं. चौघींच्या कामात साम्य फारसं नाही. माधवीताईंचं जग लोककथेच्या जवळचं, नीलिमाताईंची लघुचित्रांशी जवळीक, अर्पिताताईंचे रंग घट्ट थापलेले, मलानी पुढे व्हिडिओ आणि सावल्यांकडे वळल्या. 'बायकांची चित्रं अशी असतात' असं काही त्यांतून सिद्ध होत नाही, आणि मला वाटतं हीच त्या प्रदर्शनाची ताकद होती.

आपलं मत काय? अशा गॅलरीत काम लावलेल्या किंवा तिथे काम केलेल्या सभासदांनी आवर्जून लिहावं.

---

तैलरंग

लेख आवडला, माहिती नवी होती. पण मूळ मुद्द्यावर असहमत.

मी चित्रकार आहे. माझ्या बरोबरीने शिकलेल्या मैत्रिणींपैकी ज्या सर्वांत कसदार काम करतात, त्यांनाच 'स्त्री-चित्रकार' म्हणवून घेण्याचा सर्वांत जास्त तिटकारा आहे. हे आजचंही नाही. कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीत ३१ स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओ'कीफने त्यात यायला नकार दिला. तिला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं आणि तिचं काम पाहता तो नकार मला योग्यच वाटतो.

मार्च महिन्यात जागोजागी जी महिला विशेष प्रदर्शनं लागतात त्यांनी तर या कल्पनेची पार वाट लावली आहे. विषय ठरलेला, पोस्टरचा रंग ठरलेला, भाषणं ठरलेली. चित्रं कुणी बघत नाही. वर्षाचे उरलेले अकरा महिने तीच गॅलरी पूर्वीसारखी चालू. स्वतंत्र दालन केलं की मुख्य दालनाला सबब मिळते: त्यांची सोय तिकडे केली आहे ना!

आणि स्वीडिश चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंटचं काय? हयातीत जवळजवळ अज्ञात, १९४४ मध्ये वारली. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये तिचं प्रदर्शन लागलं आणि ६ लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं. त्या संग्रहालयाच्या इतिहासातली ती विक्रमी गर्दी. तिला कुठल्या बायकांच्या गॅलरीने वर आणलं नाही, चित्रांनीच आणलं.

---

आडवाट

तैलरंग, हिल्माचं उदाहरण तुमच्या विरुद्धच जातं. तिने आपलं सगळं काम पुतण्याच्या हवाली केलं आणि मृत्यूनंतर २० वर्षं ते दाखवू नये असं सांगून ठेवलं. त्या घराने हजाराहून जास्त चित्रं आणि हजारो पानांच्या वह्या जपल्या, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. पुतण्याने पेट्या टाकून दिल्या असत्या तर चित्रं कितीही थोर असून काय उपयोग? ज्यांचे पुतणे इतके चिकाटीचे नव्हते त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

चित्रं आपोआप वर येतात यावर माझा विश्वास न बसण्याचं आणखी एक कारण म्हणजे यूडिथ लेस्टर. सतराव्या शतकातली हार्लेमची चित्रकार. तिथल्या चित्रकार संघाची रीतसर सभासद, स्वतःचे शिष्य असलेली. ती गेल्यावर तिचं नाव पुसलं गेलं आणि तिची चित्रं त्या काळचा नामवंत चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या नावावर खपू लागली. १८९३ मध्ये हाल्सचं म्हणून विकलेल्या एका चित्रावरून लंडनमध्ये व्यापाऱ्यांचा वाद कोर्टात गेला. त्यावरची सही नीट तपासली तर जे, एल आणि शेजारी एक चांदणी. ही लेस्टरची खूण. होफ्स्टेडे दे ग्रूट या अभ्यासकाने मग तिची इतर चित्रं शोधून काढली. लक्षात घ्या, चित्र तेच होतं. हाल्सचं म्हणून लोक त्याला उत्कृष्ट म्हणत होते. नाव बदलताच खरेदीदाराला ते महाग वाटायला लागलं.

शिक्षणाची गोष्ट तर त्याहून आधीची. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ मध्ये स्थापन झाली. संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. योहान झोफनीने संस्थापकांचं समूहचित्र काढलं त्यात सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेले दिसतात. या दोघी कुठे आहेत? भिंतीवर टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांत. मॉडेलच्या खोलीत त्यांना उभं करणं शिष्टसंमत नव्हतं. आणि पुढची पूर्ण सभासद स्त्री? लॉरा नाइट, १९३६. मधे दीडशेहून जास्त वर्षं. पॅरिसच्या एकोल दे बोझ-आर्त या सरकारी कलाशाळेने मुलींना दार उघडलं ते १८९७ मध्ये. नग्न मॉडेलवरून रेखाटन शिकल्याशिवाय मोठी ऐतिहासिक चित्रं काढता येत नाहीत, आणि ती काढल्याशिवाय मोठा चित्रकार म्हणत नाहीत, अशी ती कोंडी होती.

---

मृण्मयी

वाचनखूण साठवली. चित्रलिपीताई, एक बाजू राहिली आहे ती मांडते, कारण मी मातीत काम करते.

माती, सूत, भरतकाम, विणकाम ही कामं बायकांची म्हणून 'हस्तकला' आणि तैलरंग, संगमरवर म्हणजे 'कला', अशी वाटणी अजून गेलेली नाही. बाउहाउस ही १९१९ मध्ये सुरू झालेली जर्मन कलाशाळा किती पुढारलेली म्हणून सांगतात. तिथेही बहुतेक मुलींची रवानगी विणकामाच्या कार्यशाळेत होत असे. ॲनी आल्बर्स नाखुशीनेच मागावर बसली आणि त्याच मागावर तिने असं काही केलं की १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं एकटीचं प्रदर्शन केलं. वस्त्रकलेत काम करणाऱ्या कलाकाराला तिथे मिळालेलं ते पहिलं एकल प्रदर्शन.

स्त्री-कलाकारांच्या गॅलऱ्यांनी आणि गटांनी केलेली मोठी गोष्ट मला ही वाटते की त्यांनी ही उतरंड मोडायला घेतली. जूडी शिकागोचं 'द डिनर पार्टी' (१९७९) आठवा. त्रिकोणी टेबल, तिन्ही बाजूंना मिळून ३९ जणींची पानं मांडलेली. प्रत्येकीसाठी रंगवलेली चिनी मातीची थाळी आणि खाली तिच्या काळातल्या शैलीत भरलेलं कापड. टेबलाखालच्या पांढऱ्या फरशीवर सोन्याच्या अक्षरांत आणखी ९९९ स्त्रियांची नावं. पहिल्यांदा मांडलं तेव्हा बघायला झुंबड उडाली, पण समीक्षकांनी बरंच झोडपलं, आणि मग हे अवाढव्य काम कायमचं ठेवायला कुणी तयार होईना. कितीतरी वर्षं ते पेट्यांत होतं. २००७ मध्ये ब्रुकलिन म्यूझियममध्ये स्त्रीवादी कलेसाठी खास केंद्र उघडलं, तेव्हा त्याला हक्काची जागा मिळाली. मूळ लेखातलं 'दुसरं अर्धं काम' ते हेच ना?

माझ्यापुरतं सांगायचं तर भट्टीतून निघालेलं मोठं भांडं घेऊन मी एका नावाजलेल्या गॅलरीत गेले होते. काम हातात न घेताच 'हे शोभेच्या वस्तूंच्या दुकानात द्या' असं ऐकवलं. बायकांच्या गटाने चालवलेल्या एका छोट्या दालनात पहिला प्रश्न आला, 'किती तापमानाला भाजलंत आणि ही तडजाळी मुद्दाम आणलीत का?' त्या प्रश्नावर आम्ही दुपारभर बोललो. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, आकुंचन पावताना मातीशी त्याचा मेळ बसत नाही तेव्हा तडजाळी पडते. ती आटोक्यात ठेवणं हेच माझं काम आहे. ते कुणीतरी पाहिलं होतं.

---

हिशेबनीस

भावना समजल्या, आता पैशाचं बोलू. अशी गॅलरी चालते कशावर? भाडं, वीज, विमा, माणसं. जमाखर्च जुळला नाही तर दोन वर्षांत गाशा गुंडाळावा लागतो आणि कलाकारांचं नुकसान होतं ते वेगळंच.

---

चित्रलिपी

@हिशेबनीस, अगदी रास्त प्रश्न. ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात.

सहकारी तऱ्हा म्हणजे ए.आय.आर.सारखी. सभासद वर्गणी भरतात, पाळीपाळीने काम करतात, प्रत्येकीला ठराविक काळाने एकल प्रदर्शन मिळतं. विक्रीचा दबाव नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की वर्गणी परवडणाऱ्या आणि वेळ देऊ शकणाऱ्याच आत येतात. १९९३ पासून त्यांनी नवोदितांसाठी फेलोशिप सुरू केली. ती गॅलरी आज ब्रुकलिनमध्ये चालू आहे, म्हणजे पन्नाशी ओलांडली.

व्यापारी तऱ्हेत गॅलरी विक्रीतून कमिशन घेते, सर्रास निम्मं. यात मालकीण चोखंदळ असेल आणि संग्राहकांशी तिचा राबता असेल तर कलाकाराचं भलं होतं. नसेल तर विक्री होणारी तीच ती चित्रं लागत राहतात.

तिसरी म्हणजे देणग्या आणि ठेवींवर चालणारं संग्रहालय. वॉशिंग्टनचं नॅशनल म्यूझियम ऑफ विमेन इन द आर्ट्स याचं ठळक उदाहरण, आणि त्याच्या जन्माची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विल्हेल्मिना कोल हॉलाडे आणि त्यांचे पती यांनी युरोपात फिरताना क्लारा पीटर्स या सतराव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकर्तीची स्थिरचित्रं पाहिली. घरी येऊन एच. डब्ल्यू. जॅन्सन यांच्या कलेतिहासाच्या जाडजूड पाठ्यपुस्तकात शोधलं. १९६२ पासून कॉलेजांत लावलेलं ते पुस्तक. पीटर्स त्यात नव्हती. बघतात तर एकही स्त्री नव्हती. मग त्या दोघांनी फक्त स्त्री-कलाकारांचं काम गोळा करायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये संग्रहालय उघडलं. इमारत कुठली, तर मेसोनिक टेंपलची, म्हणजे पुरुषांच्याच बंधुसंघाची.

पीटर्सच्या चित्रांत एक गंमत आहे. मेजावर सोनेरी मुलाम्याचा उंच पेला किंवा कथलाची सुरई असते. तिच्या फुगीर भागावर नीट पाहिलं की खिडकीच्या प्रतिबिंबाशेजारी नखाएवढा एक चेहरा दिसतो. डोक्यावर टोपी, काही ठिकाणी हातात पॅलेट आणि कुंचले. ती स्वतः. एकाच पेल्याच्या अनेक फुगवट्यांवर तिने स्वतःला पुन्हा पुन्हा रंगवलं आहे. माद्रिदच्या प्राडोत तिची अशी चित्रं पूर्वीपासून आहेत. पण प्राडोने एखाद्या स्त्री-कलाकाराचं स्वतंत्र प्रदर्शन पहिल्यांदा केलं ते २०१६ मध्ये, आणि ते तिचंच. संग्रहालय सुरू झालं १८१९ मध्ये.

@तैलरंग, 'मुख्य दालनाला सबब मिळते' हा मुद्दा मला मान्य आहे, मार्चमधल्या प्रदर्शनांबद्दलही तुमच्याइतकीच चीड आहे. पण मुख्य दालनांचे आकडे बघा. १९८४ मध्ये म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने समकालीन चित्र-शिल्पांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केलं, दीडशेच्या वर कलाकार, त्यांत स्त्रिया १३. त्यावरूनच पुढच्या वर्षी गोरिलाचे मुखवटे घालून वावरणाऱ्या गुरिल्ला गर्ल्सचा गट उभा राहिला. १९८९ मध्ये त्यांनी मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये जाऊन मोजदाद केली: आधुनिक कलेच्या विभागांत स्त्री-कलाकार ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची. हे जुनं झालं म्हणाल तर बर्न्स-हॅल्पेरिन अहवाल बघा. २००८ ते २०२० या काळात अमेरिकेतल्या ३१ संग्रहालयांनी मिळवलेल्या कामांपैकी स्त्री-कलाकारांची ११ टक्के. प्रदर्शनं वाढली हे डोळ्यांना दिसतं, पण संग्रहात काय गेलं ते फारसं कुणी विचारत नाही. पन्नास वर्षांनी जे उरेल ते संग्रहातलंच.

---

सांजवात

या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारला नाही. 'स्त्रिया' म्हणजे कोणत्या स्त्रिया?

हॉवर्डिना पिंडेल ही ए.आय.आर.च्या संस्थापक सभासदांपैकी एक कृष्णवर्णीय कलाकार. भोवतालच्या जवळपास सगळ्या गोऱ्या. स्त्री म्हणून काय सोसलं यावर सगळ्या मोकळेपणाने बोलत, पण वंशभेदाचा विषय काढला की वातावरण थंड व्हायचं, असं तिने पुढे सांगितलं आहे. ती काही वर्षांत बाहेर पडली.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९८० मध्ये त्याच गॅलरीत 'डायलेक्टिक्स ऑफ आयसोलेशन' हे प्रदर्शन झालं. मांडणी तिघींची: क्युबातून आलेली ॲना मेंडिएटा, जपानची काझुको मियामोटो आणि अलीगढमध्ये जन्मलेली झरीना हाश्मी. अमेरिकेत राहणाऱ्या 'तिसऱ्या जगातल्या' स्त्री-कलाकारांचं काम त्यांनी तिथे आणलं. पिंडेलचा 'फ्री, व्हाइट अँड ट्वेंटी-वन' हा व्हिडिओ त्यातच दाखवला गेला. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत स्वतःच्या आयुष्यातले वंशभेदाचे प्रसंग एकामागून एक शांतपणे सांगते. आणि मधे मधे तीच गोऱ्या बाईचं सोंग घेऊन त्या प्रसंगांवर अविश्वास दाखवते. ज्या चळवळीने तिला दार उघडलं तिलाच ती प्रश्न विचारत होती, आणि तोही तिच्याच भिंतीवर.

म्हणून कुठल्याही 'महिला गॅलरी'ची यादी हातात आली की मी आधी बघते, यातल्या किती जणी कुणाच्या तरी ओळखीने आल्या आहेत, किती जणी कलाशाळेबाहेरच्या आहेत, किती जणींच्या घरात याआधी कुणीच चित्रं काढली नव्हती. वारली चित्रकला पिढ्यान्‌पिढ्या लग्नघरातल्या भिंतींवर बायकांनीच काढली. ती कागदावर आली, गॅलऱ्यांत गेली आणि सर्वांत मोठं नाव झालं जिव्या सोमा म्हसे यांचं. त्यांची प्रतिभा वादातीत आहे, पद्मश्री मिळाली ती सार्थच. पण ज्या सवाशिणींनी लग्नाचे चौक (भिंतीवरची ती चित्रं) लिहिले त्यांतल्या एकीचं तरी नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल का?

---

आडवाट

सांजवात, +१. हे वाचून थांबलो.

अवांतर: फक्त बायकांची चित्रं दाखवणं आणि फक्त बायकांनाच आत सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या मोना संग्रहालयात 'लेडीज लाउंज' नावाची कलाकृती होती, पुरुषांना प्रवेश नाही. एका प्रेक्षकाने तक्रार केली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने पुरुषांना आत घ्या म्हणून सांगितलं, सप्टेंबरात तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. या धाग्यातल्या गॅलऱ्यांचं तसं नाही. त्यांची दारं सगळ्यांना उघडी असतात.

---

कोरा कागद

नमस्कार. मी नुकतीच कलाशिक्षण संपवून बाहेर पडले आहे. 'फक्त महिला कलाकारांसाठी' अशा जाहिराती रोज समोर येतात. बऱ्याच ठिकाणी सहभाग शुल्क आहे, ऑनलाइन प्रमाणपत्र आणि ट्रॉफी देतात. भरावे का पैसे? कुणी अनुभवी सांगाल का? घरचे म्हणतात सुरुवात म्हणून कर.

---

चित्रलिपी

@कोरा कागद, तुझा प्रश्न या धाग्यातला सर्वांत कामाचा आहे. ट्रॉफी आणि प्रमाणपत्राची जाहिरात जिथे आधी येते तिथे पैसे भरू नकोस. अशा आयोजकांचं उत्पन्न सहभाग शुल्कातून येतं, चित्र विकलं गेलं काय आणि न गेलं काय, त्यांना फरक पडत नाही. निवड जवळजवळ सगळ्यांचीच होते. अर्जाचं माफक शुल्क काही चांगल्या संस्थाही घेतात, म्हणून शुल्क आहे एवढ्यावरून नाही म्हणू नये. पण भिंतीच्या फुटांवर दर लावला असेल तर ते जागेचं भाडं आहे, निवड नव्हे.

कुठेही होकार देण्याआधी मागच्या दोन-तीन प्रदर्शनांतल्या कलाकारांना शोध आणि सरळ विचार: चित्रं परत कधी मिळाली, कशा अवस्थेत मिळाली, विकल्याचे पैसे किती दिवसांत आले. बहुतेक जणी खरं सांगतात. नंतर करार लेखी माग. चित्रं त्यांच्या ताब्यात किती काळ राहणार, कमिशन किती, ने-आण आणि विमा कुणाचा, सवलत दिली तर ती कुणाच्या वाट्यातून, हे त्यात असायलाच हवं. करार मागितल्यावर 'आपण घरच्यासारखे' असं उत्तर आलं तर तिथून निघ.

आणि दोन गोष्टी स्वतःच्या हातात आहेत त्या आजपासून कर. प्रत्येक कामाचा चांगल्या उजेडात, सरळ कोनातून फोटो, मागच्या बाजूचाही. वहीत नाव, साल, माध्यम, आकार आणि ते आता कुणाकडे आहे याची नोंद. भेट दिलेल्या चित्राचीसुद्धा. मी कागदपत्रं लावायचं काम करते, त्यात सर्वांत जास्त दमछाक कशाने होते सांगू? लग्नाआधीच्या नावाने केलेलं काम एका फाइलमध्ये आणि नंतरचं दुसऱ्या. कॅटलॉगमध्ये त्या दोन वेगळ्या बायका होऊन बसतात. सही कोणतीही कर, पण नोंदीत दोन्ही नावं एकत्र ठेव.

---

तैलरंग

@सांजवात, पिंडेलबद्दल माहीत नव्हतं. तो व्हिडिओ शोधून बघतो.

माझा आक्षेप अजून कायम आहे, फक्त तो आता गॅलरीवर नसून बिल्ल्यावर आहे. नोंदी, संग्रह, करार, हे सगळं पटतं. अशा गॅलरीने कलाकाराच्या नावाच्या आधी 'महिला' लावू नये एवढंच. भिंतीवर नाव, माध्यम, साल. बस.

---

मृण्मयी

@तैलरंग, बऱ्याच चांगल्या गॅलऱ्या तेच करतात. ए.आय.आर.मधल्या लेबलवर तुम्हाला नावच दिसेल.

वयाच्या अटीबद्दलही लिहायला हवं. पुरस्कार, फेलोशिप, रेसिडेन्सी (काही काळ तिथे राहून काम करायची सोय) यांत '३५ वर्षांखालील' अशी अट सर्रास असते. ज्या बाईने मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कुंचला धरला ती अर्जच करू शकत नाही. कार्मेन हेरेरा आठवतात का? क्युबात जन्मलेल्या, काटेकोर भौमितिक चित्रं काढणाऱ्या. न्यूयॉर्कच्या एका गॅलरीवालीने काम उत्तम आहे पण बाईला प्रदर्शन देणार नाही असं तोंडावर सांगितल्याचं त्या सांगत. पहिलं चित्र विकलं गेलं २००४ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी. ते कसं जमलं? भौमितिक चित्रं काढणाऱ्या स्त्रियांचं एक प्रदर्शन ठरलं होतं, एक जण ऐनवेळी गळाली, तिच्या जागी यांचं नाव सुचवलं गेलं. २०१६ मध्ये व्हिटनी म्यूझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या. ते फक्त स्त्रियांचं प्रदर्शन नसतं तर?

---

हिशेबनीस

@चित्रलिपी, तीन तऱ्हांचं उत्तर पटलं. आमच्या ट्रस्टकडे एक मोकळा हॉल आहे आणि विश्वस्तांपुढे असा प्रस्ताव मांडायचा विचार आहे. सुरुवातीला हॉल सजवण्यावर खर्च करावा की आणखी कशावर?

---

चित्रलिपी

@हिशेबनीस, फार छान! भिंती पांढऱ्या आणि दिवे बरे असले की हॉल पुरतो. पहिल्या वर्षाच्या पैशातून एक माणूस पगारावर घ्या, जी फक्त कामांचे फोटो, नोंदी आणि मुलाखती करेल. दुसरं, प्रत्येक प्रदर्शनाचा छापील कॅटलॉग काढा, पातळ असला तरी चालेल, आणि त्यात नीट लिहिता येणाऱ्या माणसाकडून लेख लिहून घ्या. त्याच्या प्रती ग्रंथालयांना पाठवा. तिसरं, वर्षाला एक काम तरी ट्रस्टने विकत घ्यायचं, दान म्हणून मागायचं नाही. निवड समितीत दर दोन वर्षांनी निम्मे सदस्य बदला, म्हणजे सांजवात म्हणतात तो ओळखीपाळखीचा प्रकार जरा कमी होईल. वयाची अट ठेवू नका. मसुदा तयार झाला की इथे टाका, करारनाम्याचा नमुना मी देते.

---

कोरा कागद

चित्रलिपीताई, मनापासून आभार. ते ट्रॉफीवालं रद्द केलं. वही आणली आहे. एक विचारू का? शिकत असताना काढलेली, आता आवडत नसलेली चित्रंही नोंदवायची?

---

चित्रलिपी

हो, सगळी. नावडत्या चित्राच्या नोंदीपुढे तसं लिहून ठेव, पण नोंद कर. फाडलंस तर फाडल्याची तारीखही टाक.